दोन लाखात जुनी कार घ्यायची तर काय बघायचं, कुठून सुरुवात करायची: खान्देशातल्या माणसासाठी सविस्तर

आपल्याकडे बहुतेक घरांची गरज साधारण सारखीच असते. घरात चार-पाच माणसं, महिन्यातून एक-दोनदा जळगाव किंवा धुळ्याला दवाखाना, लग्नसराईत पाहुण्यांकडे जायचं, चैत्रात सप्तशृंगी गडावर, आणि बाकी दिवस गाडी दारात उभी. एवढ्यासाठी नवीन गाडीचा हप्ता सात वर्षं भरत बसायची खरंच गरज नाही, जुनी गाडी छान चालते. फक्त ती नीट बघून घेतली पाहिजे, कारण बजेट कमी असलेल्या माणसाला चुकीची गाडी जास्त महागात पडते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो ती विकून दुसरी घेतो, आपल्याला तीच वापरावी लागते.

खालचं सगळं मी दोन लाखाचं बजेट धरून लिहितोय. दीड असेल किंवा अडीच असेल तरी पद्धत हीच.

आधी पैशाचा हिशोब

दोन लाख हातात आहेत म्हणजे दोन लाखाची गाडी बघायची असं नाही. गाडीला एक लाख साठ हजाराच्या वर जायचंच नाही, बाकीचे चाळीस बाजूला ठेवायचे आणि त्यांना हातच लावायचा नाही. कारण जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन महिन्यात खर्च निघतोच. छोट्या गाडीचे चार टायर बारा ते पंधरा हजार, बॅटरी चारेक हजार, ऑइल-फिल्टर-कूलंट मिळून तीन-चार हजार, क्लच गेला असेल तर मजुरीसकट सहा-सात हजार, मग इन्शुरन्स आणि ट्रान्सफरचा खर्च. हे आकडे गावानुसार थोडे इकडे-तिकडे होतील पण अंदाज यायला पुरेसे आहेत. गाडीतच सगळे पैसे घातले की मग लोक गुळगुळीत टायरवर बायका-पोरांना घेऊन हायवेला निघतात आणि ते मला अजिबात बघवत नाही.

कर्ज काढून घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नवीनपेक्षा जास्त असतं, आणि गाडी फारच जुनी असेल तर बँक हात वर करते, मग माणूस पतसंस्थेकडे किंवा खाजगी फायनान्सकडे जातो. व्याज वर्षाचं किती आणि शेवटी एकूण किती भरणार हे दोन्ही आकडे लिहून घ्या. मला विचाराल तर दोन लाखाचं कर्ज काढण्यापेक्षा दीड लाखाची रोखीतली गाडी बरी.

वेळ पण बघा. कापसाचा पैसा हातात आला की दिवाळीच्या पुढे, आणि मग आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास, सगळेच गाडी शोधत असतात, त्या दिवसात विकणारा भाव सोडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पेरणी-खतात सगळ्यांचे पैसे अडकलेले असतात, गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा घासाघीस चांगली होते. शिवाय पावसात गाडी कुठून गळते तेही कळतं.

कोणती गाडी

पेट्रोल की डिझेल यावर आपल्याकडे पारावर खूप वाद होतात, पण हिशोब साधा आहे. महिन्याला ६०० किलोमीटर रनिंग धरा, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपयाच्या आसपास धरा, पेट्रोल गाडी १८ चं आणि डिझेल २२ चं ॲव्हरेज देते असं धरा. पेट्रोलला ३५०० रुपये लागतात, डिझेलला साधारण २५००. म्हणजे वर्षाला बाराएक हजार वाचले, आणि जुन्या डिझेलचं टर्बो नाहीतर इंजेक्टरचं काम एकदा निघालं की ते दोन-तीन वर्षांचे वाचलेले पैसे एका झटक्यात गेले. त्यामुळे रोज शंभर किलोमीटर जाणं-येणं असेल तरच डिझेल, नाहीतर पेट्रोल.

या बजेटमध्ये अल्टो, वॅगनआर, जुनी सँट्रो, आय१०, इऑन, कधी नशिबाने जुनी स्विफ्ट अशा गाड्या येतात. मी अल्टो आणि वॅगनआर पहिल्यांदा सांगतो कारण यांचं सामान तळोद्यात पण मिळतं आणि यावलला पण मिळतं, आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक डोळे झाकून खोलतो. अल्टोत ८०० च्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो आणि के१० ला चेन असते. बेल्टवाली घेताय तर बेल्ट शेवटचा कधी बदलला ते विचाराच, सांगता आलं नाही तर बदलायचा खर्च भावातून कमी करा. पाच माणसं आणि मागे सामान असं नेहमीचं असेल तर अल्टो लहान पडते, वॅगनआर बघा, म्हाताऱ्या माणसांना चढायला-उतरायला पण ती सोपी.

शेवरोले, फोर्ड, डॅटसन, फियाट या गाड्या याच बजेटमध्ये एक-दोन नंबर मोठ्या मिळतात आणि माणसाला मोह होतो. गाड्या वाईट नाहीत, काही तर फार मजबूत आहेत. पण शेवरोलेने २०१७ च्या शेवटी भारतात विक्री बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. सर्व्हिस मिळते, पण एखादा सेन्सर नाहीतर काच लागली की नाशिक-पुण्यावरून मागवा आणि तोवर गाडी गॅरेजला उभी. घरात एकच गाडी असणार असेल तर या भानगडीत पडू नका.

सीएनजी असेल तर कंपनी फिटेड आहे की बाहेरून बसवलंय ते बघा. बाहेरून बसवलं असेल तर आरसी बुकवर त्याची नोंद पाहिजेच. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर ३ वर्षांनी करावी लागते, तिची तारीख प्लेटवर बघा. ती नसेल तर घेऊच नका, टाकी आपल्या पोरांच्या पाठीमागे असते.

एक गोष्ट जमली तर बघाच. १ जुलै २०१९ पासून कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस पण त्याच वर्षी आलं. बजेट थोडं ताणून त्यानंतरची गाडी मिळत असेल तर मॅगव्हील आणि टचस्क्रीनवाल्या जुन्या मॉडेलपेक्षा ही साधी गाडी घ्या. नाहीच जमलं तर निदान सगळ्या सीटचे बेल्ट चालू पाहिजेत.

गाडी बघायच्या आधी कागद

फोनवरच गाडी नंबर मागून घ्या. जो नंबर द्यायला का-कू करतो त्याच्याकडे जायचंच नाही, पेट्रोल वाचवा. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका आणि ही माहिती बघा: रजिस्ट्रेशनची तारीख, कितवा मालक, इंधन, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स, पीयूसी आणि फायनान्सची नोंद. मालकाचं नाव ॲपवर पूर्ण दिसत नाही, म्हणून ओरिजिनल आरसी समोर धरून विकणाऱ्याच्या आधार कार्डाशी जुळवा. "मित्राची गाडी आहे, मी विकून देतोय" असं असेल तर तो मित्र समोर आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

खाजगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळते खरी, पण १५ वर्षं झाली की फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आणि केंद्र सरकारने एप्रिल २०२२ पासून कारच्या रिन्यूअलची फी ६०० वरून एकदम ५००० केली, वरून ग्रीन टॅक्स वेगळा. त्यामुळे दोन वर्षं उरलेली गाडी आणि सहा वर्षं उरलेली गाडी यांच्या भावात पंचवीस-तीस हजाराचा फरक असेल तर दुसरी घ्या.

फायनान्सची नोंद, ज्याला सगळे एचपी म्हणतात, ती आरसीवर दिसत असेल तर हप्ते फिटले असले तरी बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ (एचपी उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका. एचपी उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होतच नाही. माझ्या ओळखीच्या एकाने "आठ दिवसात एनओसी आणून देतो" या शब्दावर पूर्ण पैसे दिले, नंतर कळलं हप्तेच थकलेत, आणि वसुलीवाले याच्या दारात. विकणाऱ्याकडे खरंच बाकी असेल तर त्याच्यासोबत बँकेत जाऊन बाकी रक्कम थेट त्याच्या कर्ज खात्यात भरा, पावती घ्या, उरलेले पैसे एनओसी आल्यावर.

आरसीवर गाडीचा प्रकार पण वाचा. मोटार कार असेल तर ठीक. मोटार कॅब, म्हणजे टॅक्सी, असेल किंवा कॅबची नंतर खाजगी केलेली असेल तर ती गाडी किती पळालीय याचा अंदाज करता येत नाही. ई-चलान महाट्रॅफिकच्या साइटवर बघा, जुने दंड विकणाऱ्याने भरायचे. नंबर प्लेट एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेट, आहे का बघा, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ती बसवून घ्यावी लागते, कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरलेला आहे, आणि ती नसली की आरटीओतली कामं अडतात.

बाहेरच्या पासिंगचं काय? आपण सीमेवरचे लोक, नंदुरबार-नवापूरला सुरतच्या गाड्या येतात, रावेर-मुक्ताईनगरला बऱ्हाणपूर-इंदूरच्या, आणि हल्ली दिल्लीच्या पण फार येतात कारण तिथे १० वर्षांच्या पुढच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा बडगा आला. भाव बघून डोळे फिरतात. पण त्या राज्याची एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा, इथला नवीन नंबर, एजंटचे पैसे आणि चकरा हे धरा, मग फरक किती उरतो बघा. दोन लाखाच्या गाडीत बहुतेक वेळा तो उरत नाही. एमएच १९ (जळगाव), एमएच १८ (धुळे), एमएच ३९ (नंदुरबार) यातलीच शोधा, एमएच १५ (नाशिक) किंवा एमएच २० (संभाजीनगर) पण चालेल.

सकाळी एकदा, दुपारी एकदा

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे आहे की गाडी दोन वेळा बघायची, एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा भर दुपारी. एकाच चकरेत सौदा करायचा नाही, विकणारा कितीही म्हणो की "भाऊ, दुसरं गिऱ्हाईक येई राहिनं".

सकाळी जायच्या आधी सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर का गरम आहे ते विचारा, कारण थंड इंजिन लवकर चालू होत नसेल तर लोक आधीच गरम करून ठेवतात. मग चावी लावा. चेक इंजिन, ऑइल, एअरबॅग हे दिवे आधी लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही त्याचा बल्ब काढलेला असू शकतो.

सायलेन्सरच्या मागे माणूस उभा करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, पुढे इंजिनचं काम आहे. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ थोडा वेळ येते ती चालते, पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जळतोय. मग इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण उघडा. तिथून भकाभका हवा आणि धूर मारत असेल तर त्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, अशी गाडी सोडून द्या. इंजिन बंद असताना झाकणाखाली आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ चिकट थर दिसला तर ऑइलात पाणी गेलंय, हेड गॅस्केटचं लफडं, ती पण सोडा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना चुकूनही नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आत हिरवा किंवा लाल कूलंट पाहिजे, तांबूस गंजाचं साधं पाणी असेल तर मालकाने गाडीची काळजी घेतली नाही हे तिथेच कळतं.

उजेड चांगला असताना बॉडी बघा. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी दात बघतो, रंगावर जात नाही, तसं गाडीत नट बघायचे. बोनेटचे, फेंडरचे आणि दाराच्या बिजागरीचे नट पान्याने खोलले असतील तर कडांचा रंग उडालेला असतो. फेंडर किंवा दरवाजा बदललेला असेल तर घाबरू नका, आपल्या गल्ल्यांमध्ये घासणं-ठोकणं चालतंच. पण बोनेट उघडून आतल्या दोन्ही बाजूचा पत्रा, म्हणजे एप्रन, आणि दाराची रबर बाजूला करून पिलर बघा. कंपनीच्या वेल्डिंगचे टिपके एकसारख्या अंतरावर असतात. तिथे वेडंवाकडं वेल्डिंग, पेस्टिंग किंवा नवा रंग दिसला तर मोठा ॲक्सिडेंट झालाय, ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

पुरात बुडालेल्या गाड्या पण बाजारात फिरतात. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी आपलं चाळीसगाव, सगळीकडे गाड्या पाण्यात होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पाण्याची रेघ किंवा वाळलेला गाळ दिसतो. सीटच्या खालचे रेल गंजलेले आहेत का बघा, डिकीतली स्टेपनी उचलून खाली बघा, कार्पेटचा कोपरा उचला, वास घ्या. दाबून सेंट मारलेली गाडी असेल तर जास्तच वास घ्या.

किलोमीटर मीटरवर विश्वास ठेवू नका, मीटर मागे करणं आता लॅपटॉपवर होतं. ४५ हजार चाललेल्या गाडीचं क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत नसतं, स्टेअरिंग चकाकत नसतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुनी सर्व्हिस हिस्ट्री विचारा, मालक सोबत असेल तर बहुतेक ठिकाणी सांगतात, कोणत्या तारखेला किती किलोमीटर होतं ते लगेच कळतं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचा टायर आपल्या उन्हाने कडक होतो, त्याचे पैसे भावातून कमी करा.

आणि मागची सीट दुमडून बघा. आपल्याकडे लहान गाडीतून खताच्या गोण्या, कापसाचे गाठोडे, केळीचे घड सगळं वाहून नेतात. मागून गाडी बसलेली दिसते का, टपावर कॅरिअरच्या खुणा आहेत का, ते बघा.

दुपारची चक्कर

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ ला जातो हे सांगायला नको, आणि गाडीची कूलिंग सिस्टीम आणि एसी याच उन्हात उघडे पडतात. पुण्यातला माणूस एसीशिवाय काढेल, आपल्याला शक्य नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा, गाडी उन्हातच उभी असू द्या. एसी फुलवर लावून गाडी जागेवर वीस मिनिटं चालू ठेवा आणि टेंपरेचरचा काटा बघत बसा. काटा मध्यावर येऊन तिथेच थांबला पाहिजे. रेडिएटरचा पंखा चालू-बंद होताना ऐकू आला पाहिजे. काही नवीन छोट्या गाड्यांना काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो, तिथे पंख्यावर लक्ष ठेवा.

एसी चालताना गार आणि उभी असताना कोमट हवा देत असेल तर विकणारा म्हणेल "फक्त गॅस भरावा लागंल". कधी खरंच गॅस असतो, पण गॅस कुठूनतरी लीक झाला म्हणूनच कमी झाला ना. कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसर निघाला तर खर्च हजारात जातो. म्हणून त्याला सांगा की तुम्ही भरून द्या, मी आठ दिवसांनी परत बघतो.

मग चालवायला घ्या, आणि तुम्हीच चालवा, विकणाऱ्याला चालवू देऊ नका. म्युझिक बंद, काचा वर. हायवेचा तुकडा, खड्ड्यांचा रस्ता आणि चढ, तिन्ही पाहिजे, चढ नसेल तर रेल्वेचा उड्डाणपूल चालेल. चढावर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट संपली. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कटकट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला. खड्ड्यात खडखड म्हणजे लोअर आर्म, लिंक रॉड किंवा शॉकर, हा दुरुस्त होणारा खर्च आहे. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग हलकं सोडलं तर गाडी एका बाजूला ओढते का, आणि ब्रेक मारल्यावर ओढते का, दोन्ही बघा.

एवढं सगळं करून गाडी पसंत पडली तरी तुमच्या मेकॅनिकला दाखवा, विकणाऱ्याच्या नाही. त्याला पाचशे-हजार द्या, फुकट काम सांगू नका, पैसे घेतलेला माणूस गाडीखाली झोपून बघतो. त्याच्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर असेल तर लावायला सांगा. एक प्रश्न त्याला नक्की विचारा: आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतंय आणि ही गाडी २०२३ च्या आधीची आहे, तर पेट्रोलचे पाइप आणि रबरं कशी आहेत.

भाव आणि पैसे

भाव करताना गाडीला नावं ठेवू नका, मालक चिडतो. कागदावर यादी करा, टायर एवढे, बॅटरी एवढी, लोअर आर्म एवढा, आणि ती त्याच्यासमोर ठेवा. यादीसमोर बहुतेक लोक खाली येतात. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या तीन-चार गाड्यांचे भाव आधी विचारून ठेवलेले असले की बोलायला जोर येतो. डीलरकडून घेताय तर त्याच्याकडे आरटीओचं डीलर ऑथरायझेशन आहे का विचारा, जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी तो नियम २०२३ पासून आलाय.

टोकन म्हणून पाच हजाराच्या वर देऊ नका आणि ते पण यूपीआयने, म्हणजे पुरावा राहतो. बाकीचे पैसे बँकेतून, आरसीवर नाव आहे त्याच्याच खात्यात. चेसिस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा स्वतः एकेक आकडा जुळवा. गाडी नावावर करायचे फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, यावर विकणाऱ्याच्या सह्या, ओरिजिनल आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोन्ही चाव्या, त्याच्या आधार-पॅनची झेरॉक्स आणि डिलिव्हरी नोट, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याचा कागद, एवढं सगळं घ्या. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ पण लिहा, कारण त्याआधीचं चलान किंवा अपघात त्याचा आणि नंतरचा तुमचा.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षभर तशीच फिरवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती कृपा करून करू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसात आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसात अर्ज करायचा असतो. इन्शुरन्स पण १४ दिवसात तुमच्या नावावर करायला टाका. नाव बदललं नसेल आणि गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो, त्यामुळे त्या फरकाचे थोडे पैसे भरावे लागतात. फास्टॅग त्याचा त्याला बंद करायला सांगा आणि तुमचा नवीन घ्या.

गाडी घरी आणली की नारळ फोडा, आणि दुसऱ्या दिवशी ते बाजूला ठेवलेले चाळीस हजार काढा: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्टवाली असेल तर बेल्ट, आणि टायर सहा-सात वर्षांच्या पुढचे असतील तर टायर. एअर फिल्टर आपल्या धुळीत पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बदलावा लागतो. पहिले महिनाभर जवळच फिरवा, दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना ऑइल आणि कूलंटची पातळी बघून वहीत लिहा. पातळी हलत नसेल तर मग गडावर जायला हरकत नाही.